समाचाराची मॅच

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी बेसबॉलच्या स्टेडियमला जो वास असतो, तो एप्रिलमध्ये नसतो. एप्रिलमध्ये ताजा रंग, नवा चुना, आणि लोकांनी कपाटातून नुकत्याच काढलेल्या जॅकेटांचा वास. सप्टेंबरात परतलेला कांदा, सांडलेली बिअर, उन्हाळाभर कापून घेऊन थकलेलं गवत आणि नदीवरून येणाऱ्या वाऱ्यात थंडीची पहिली धार. हरणाऱ्या टीमच्या स्टेडियममध्ये हा वास जास्त स्पष्ट येतो, कारण मधे माणसं कमी असतात.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहते. एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक लावते. कोण, कुठे, किती वाजता, किती वेळ, हे ठरवायचं माझं काम आणि बहुधा स्वभावही. गेल्या गुरुवारी मिशिगनला बाबांकडे आले तीसुद्धा यादी घेऊनच. यादीत खरं तर एकच गोष्ट होती, बाकीच्या तिच्याभोवती भरलेल्या. बाबांकडून गाडीची किल्ली काढून घ्यायची.

बाबा एक्क्याऐंशीचे. नोव्हायच्या घरात एकटे राहतात. आई जाऊन दीड वर्ष झालं. ऑगस्टमध्ये शेजारच्या कांबळे काकांचा फोन आला होता. "अगं, टेन्शन घेऊ नको, बाबा ओके आहेत. पण त्यांनी काल गाडी रिव्हर्सऐवजी पुढे घेतली. गॅरेजमधला फ्रीजर गेला." नंतर घुटमळत म्हणाले, "आणि त्या दिवशी स्टॉप साइन त्यांना दिसलीच नाही. मी मागेच होतो ना. बघ बाई, तू बोल. माझं ऐकत नाहीत, मला म्हणतात तू अजून सत्तरचा आहेस, तुला काय कळतंय."

नोव्हायमध्ये गाडी नसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. फुटपाथ असतो तो मधेच गवतात संपतो. दूध, लायब्ररी, मंडळाचा गणपती, डोळ्यांचा डॉक्टर, सगळं गाडीच्या पलीकडे. त्यातून हा माणूस तीस वर्षं गाड्यांचे गिअरबॉक्स करत आला. मी सगळी सोय केली होती. कांबळे काका बुधवारी किराण्याला नेणार होते, डॉक्टरकडे जायला ज्येष्ठांची व्हॅन येणार होती, टॅक्सी कशी बोलवायची ते मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवलं होतं. आल्या आल्या मी विषय काढला. बाबांनी चहात खारी बुडवली आणि म्हणाले, "रविवारची मॅच होऊ दे. मग बोलू."

"मॅचला जायचं कसं पण?"

"गाडीने," ते म्हणाले. "मी नेतो तुला."

सप्टेंबरचा शेवटचा रविवार ही आमच्या घरातली जुनी रीत. ती एका चुकीतून सुरू झाली.

आम्ही इकडे आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबांच्या ऑफिसात वॉल्टर नावाचा एक लालसर चेहऱ्याचा, उंच गृहस्थ होता. पहिल्या सप्टेंबरात त्याने बाबांच्या टेबलावर चार तिकिटं ठेवली. सीझनची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. बाबा सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातले. त्यांच्या गावच्या जत्रेत कुस्त्या व्हायच्या आणि त्यात शेवटची कुस्ती मानाची. तिच्यासाठी आसपासच्या गावांतून बैलगाड्या यायच्या, पाटलाशेजारी बसायला मिळणं म्हणजे जन्माचं भाग्य. तर सहा महिन्यांच्या सीझनची शेवटची मॅच, आणि तिची चार तिकिटं एका नव्या, परक्या माणसाला! बाबा घरी आले ते तिकिटं शर्टाच्या खिशात नाही, पाकिटात नाही, डब्याच्या पिशवीत रुमालात गुंडाळून घेऊन आले.

आईने दुधाच्या पावडरीचे पेढे केले. पिस्ते इथे मिळाले नाहीत म्हणून प्रत्येकावर एक बेदाणा दाबला. बाबांनी सोमवारी तो डबा वॉल्टरला दिला. वॉल्टरला म्हणे आधी तो साबण वाटला. पण त्याने एक खाल्ला, मग दुसरा, आणि संध्याकाळी डबा रिकामा परत दिला.

रविवारी आम्ही नटून गेलो. बाबा लग्नातल्या सुटात. मी परकर-पोलक्यात, वर दुकानातून उतरत्या किमतीत घेतलेला जाड कोट. आई जांभळ्या नारायणपेठमध्ये, पायात बाबांचे मोजे आणि कॅनव्हासचे बूट, कारण सकाळीच गवतावर दव होतं. चौथं तिकीट होतं त्या खुर्चीवर डबे ठेवले.

ते जुनं स्टेडियम आता नाही. पाडलं. त्याला हिरव्या रंगाचे लोखंडी खांब होते आणि आमच्यापैकी एकाच्या पुढ्यात नेहमी खांब यायचा. पायऱ्यांना लाकडाचा ओला वास होता. कुणीतरी सिगार ओढत असायचं. शेंगा विकणारा खालून पुडी फेकायचा आणि ती हवेतून चार रांगा ओलांडून बरोबर हातात यायची. आईने पहिली पुडी झेलली ती दोन्ही हातांनी, ओंजळीत, प्रसाद घ्यावा तशी. एक शेंग फोडून खाल्ली आणि म्हणाली, "खारट आहेत. पण भाजल्यात नीट." उरलेल्या शेंगा तिने पदरात घेऊन घरी आणल्या आणि त्यांचा कूट केला. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरी ऑक्टोबरातली साबुदाण्याची खिचडी त्या शेंगांची असायची. मीठ वेगळं घालावं लागत नसे.

स्टेडियम रिकामं होतं, हे आमच्या लक्षात आलं. बाबा म्हणाले, "येतील हळूहळू." कुणी आलं नाही. बॅटचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत यायचा. एका खेळाडूने जांभई दिलेली मला दिसली. आमची टीम हरली, चांगलीच हरली. बाबा शेवटपर्यंत ताठ बसले होते, मानाची कुस्ती बघायला बसावं तसे.

दुसऱ्या वर्षी वॉल्टरने परत तिकिटं दिली. परत पेढे. तिसऱ्या वर्षी आमच्या टीमला काय झालं कोण जाणे, ती जिंकत सुटली. रस्त्यात गाड्यांना झेंडे लागले, शाळेत सगळे टोप्या घालून यायला लागले. आणि वॉल्टरकडून तिकिटं आलीच नाहीत. घरात सुतक पडल्यासारखं झालं. आई दोन दिवस विचार करत होती. "काही चुकलं का हो आपलं? पेढ्यांना करपट वास होता का?" बाबांनी ऑफिसात वॉल्टरशी अंतर ठेवून वागायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी टीम परत हरायला लागली आणि सप्टेंबरात तिकिटं टेबलावर हजर. आईने तूप जास्त घालून पेढे केले.

मी चौदा वर्षांची झाले तेव्हा मला सगळं कळलं. वर्गातल्या एका मुलीने हसत हसत सांगितलं. ती तिकिटं कंपनीची असतात. चांगल्या मॅचेसची साहेब लोक नेतात. शेवटची मॅच कुणालाच नको असते, म्हणून ती ऑफिसभर फिरतात आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या टेबलावर थांबतात. मी ते ऐकून घेतलं आणि त्या वर्षीच्या मॅचहून परत येताना गाडीत एका दमात सांगून टाकलं. आई पुढे बसली होती, मांडीवर शेंगांची पुडी. मी म्हटलं, "आणि तुम्ही सिल्कची साडी नेसून जाता. लोक हसतात आपल्याला. हरणारी टीम आहे, उरलेली तिकिटं आहेत, आणि तुम्ही पेढे वाटता."

बाबा गाडी चालवत राहिले. आई म्हणाली, "मग कुणीच गेलं नसतं तर त्यांना कसं वाटलं असतं?"

"कुणाला? वॉल्टर काकांना?"

"खेळणाऱ्यांना गं. बिचारे हरून हरून दमलेले. लग्नाला एक वेळ नाही गेलं तरी चालतं. समाचाराला जावंच लागतं."

"आई, ती टीम आहे! कुणी मेलंय का?"

"मेल्यावरच जायचं असं कुठं आहे? आजाऱ्याच्या नाही का जात आपण?" मग बाबांकडे वळून म्हणाली, "आणि समाचाराला जाताना म्हणे नीट नेसून जाऊ नये. कुणी सांगितलं? त्यांना तेवढंच बरं वाटतं."

मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला तिचा राग आला होता, आणि तिच्याकडे उत्तर असल्याचा जास्त.

त्यानंतर दर वर्षी आम्ही समाचाराला गेलो. घरात त्या मॅचला तेच नाव पडलं. वॉल्टर रिटायर होऊन फ्लोरिडाला गेला, तेव्हापासून बाबा स्वतः तिकिटं काढायला लागले. जुनं स्टेडियम बंद झालं, शहरात नवं झालं, त्यात खांब नव्हते आणि सिगारही नव्हती. मॅच नऊ इनिंगची, म्हणजे नऊ डावांची; सातव्या इनिंगच्या मधे सगळे उभे राहून हातपाय ताणतात आणि गातात, तेव्हा आई डबा उघडायची. धपाटे, लसणाची चटणी, एका जुन्या औषधाच्या बाटलीत तूप. पुढच्या रांगेतल्या माणसांना द्यायची. एकदा एका माणसाने चटणी खाल्ली आणि दोन इनिंग तो पाणीच पीत होता. तरी पुढच्या वर्षी त्याच जागी होता. त्याने आईला ओळखलं आणि हात पुढे केला.

मी कॉलेजला गेले, लग्न झालं, पूर्वेला गेले. पहिली काही वर्षं सप्टेंबरात यायची. मग मुलं, मग नोकरी, मग फोनवर. "हरले का?" "हरले." "किती लोक होते?" "आम्ही होतो."

आई गेल्यावर मी पंधरा दिवस इथे होते. घरात माणसांची रीघ होती. फ्रीज इतका भरला की भाज्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. मी डब्यांना नावं लावली, कागदपत्रं केली, बाबांच्या गोळ्यांची पेटी भरली, आईच्या साड्या वाटल्या. सगळं नीट लावून सोळाव्या दिवशी कामावर हजर झाले. पुढच्या दीड वर्षात दोनदा आले. दोन्ही वेळा यादी घेऊन.

तर या रविवारी बाबांनी मला नेलं. इस्त्रीचा शर्ट, कोट, टाय. त्यांनी हायवे घेतला नाही, आतल्या रस्त्याने निघाले. मी सीटची कड धरून बसले होते आणि धरलेली दिसू नये म्हणून मांडीवर पर्स ठेवली होती. एका वळणावर त्यांनी पिवळ्या दिव्याला समोरून येणाऱ्या गाडीला आडवं जात डावीकडे घेतलं आणि तिच्या ड्रायव्हरने इतका लांब हॉर्न वाजवला की तो संपेपर्यंत आम्ही पुढच्या चौकात होतो.

"त्याला घाई आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, तो सरळ जात होता. त्याचा हक्क होता."

"माहीत आहे. मी गिअरबॉक्स करायचो, तू जन्मायच्या आधीपासून."

"गिअरबॉक्सचं काय त्यात?"

मला माझ्या आवाजाचा तो चौदा वर्षांचा सूर ऐकू आला आणि मी समोर रस्त्याकडे बघायला लागले. बोटं मात्र सीटवरून सोडली नाहीत.

टीम यंदा फार वाईट खेळली. पुढच्या फेरीची आशा ऑगस्टमध्येच संपली होती. आमच्या रांगेत आम्ही दोघं, खाली चार रांगांवर एक म्हातारं जोडपं ब्लँकेट घेऊन, पलीकडे एक बाई तिच्या बाळाला दूध पाजत होती. ऊन होतं पण उबेला पुरेल इतकं नव्हतं. मी डबा आणला नव्हता. कांदा घातलेलं सॉसेज खाणार का विचारलं तर बाबा म्हणाले शेंगा घे.

तिसऱ्या इनिंगला मी म्हटलं, "बाबा, स्कोअरबोर्ड दिसतोय ना?"

"दिसतोय. डोळे आहेत मला."

"मग आता बॅटिंगला कोण आलाय सांगा."

ते डोळे बारीक करून बघत राहिले. "नवा आहे," म्हणाले. "तुला तरी माहीत आहे का?"

मीही बघितलं. मला माहीत नव्हता. फोनवर शोधावं लागलं. बाबा हसले, खांदे हलवत, आवाज न करता. खूप दिवसांनी हसले असावेत, कारण मग त्यांना खोकला आला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कोटाच्या आत पाठ केवढीशी उरली होती.

"तू किल्लीसाठी आलीस," ते म्हणाले. मैदानाकडेच बघत.

"हो."

"कांबळ्याने सांगितलं."

"हो."

"गाढव आहे तो. पण बरोबर सांगितलं असेल." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे मला दिले. "गाडी नसली की मी काय करायचं गं? खिडकीत बसू?"

माझ्याकडे उत्तर होतं. मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावलेलं होतं. मी ते म्हटलं नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाबा." आणि ते खरंच होतं.

सहाव्या इनिंगला आमच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, चेंडूंना मार बसायला लागला. जुना माणूस, बरीच वर्षं इथेच खेळलेला. एक होम रन, चेंडू थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांत, मग दुसरी होम रन. चेंडू टाकून झाला की तो टोपी काढायचा आणि बाहीने कपाळ पुसायचा. मग मॅनेजर त्याला बदलायला बाहेर आला. बेसबॉलमध्ये हे फार सावकाश होतं. मॅनेजर पळत येत नाही, हातवारे करत नाही. गवतावरून चालत मैदानाच्या मधोमध येतो आणि नुसता हात पुढे करतो. पिचर चेंडू त्याच्या हातावर ठेवतो आणि खाली मान घालून चालायला लागतो.

त्या पिचरने चेंडू जरा वेळ हातात धरून ठेवला. बोटांनी एकदा फिरवला. मग दिला.

बाबा खुर्चीचा हात धरून उभे राहिले. त्यांचे गुडघे वाजले. ते टाळ्या वाजवायला लागले, सावकाश, एकेक, आणि तो माणूस आत दिसेनासा होईपर्यंत वाजवत राहिले. खालच्या म्हाताऱ्या जोडप्याने मागे वळून बघितलं आणि तेही उभे राहिले. मीही.

"वाद घातला नाही त्याने," बाबा बसत म्हणाले.

माझ्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. अगदी योग्य, अगदी वेळेवरचं वाक्य. मी शेंगा सोलत राहिले.

सातव्या इनिंगच्या गाण्याला आम्ही उभे राहिलो. बाबांना शब्द कधीच आले नाहीत, ते सुरुवातीपासून ओठ हलवतात. नंतर दोन इनिंग नुसत्या गेल्या, कुणाला काही मिळवायचं नाही आणि तरी नियमाने खेळायचं, अशा. आम्ही हरलो. खेळाडू आत जाताना उरलेल्या लोकांकडे बघून टोप्या हलवत होते. बाबांनी टायची गाठ नीट केली आणि हात वर केला.

पार्किंगमध्ये गाड्या पांगलेल्या होत्या. आमची पार टोकाला. बाबांनी खिशातून किल्ली काढली, दाबली, दिवे लुकलुकले. आणि ते गाडीच्या उजव्या दाराशी जाऊन उभे राहिले.

इकडे आलो त्या पहिल्या वर्षी ते असेच चुकायचे. भारतातल्या सवयीने उजवीकडे जायचे, दार उघडायचे, समोर स्टिअरिंग नाही बघून क्षणभर थांबायचे, मग लोकांनी पाहिलं नाही ना याची खात्री करत वळसा घालून यायचे. मला वाटलं, तसंच काहीतरी झालं.

"बाबा," मी म्हटलं, "इकडे. ड्रायव्हरची बाजू इकडे आहे."

"माहीत आहे मला."

त्यांनी किल्ली गाडीच्या टपावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. ती मधेच अडली. मी टाचा उंचावून, हात लांब करून ती घेतली. ते आत बसले आणि सीटच्या खाली चाचपडायला लागले.

"ही मागे कशी करतात गं?"

पाच वर्षं त्यांच्याकडे असलेल्या गाडीत त्या सीटचा खटका कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं. तिथे आई बसायची. मी वाकून दाखवला. सीट मागे गेली, जरा जास्तच, परत पुढे घेतली. त्यांनी पट्टा लावला. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले, एकावर एक.

मीही आतल्या रस्त्यानेच निघाले. पहिल्या चौकात लाल दिवा लागला. मी ब्रेक लावायच्या बऱ्याच आधी बाबांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबला गेला. ते खिडकीबाहेर बघत होते, त्यांना पत्ता नव्हता. दुसऱ्या चौकातही तसंच झालं. बूट पॉलिश केलेला, पाय ताठ, जोर लावलेला, आणि खाली नुसतं रबर.

तिसऱ्या चौकाजवळ आल्यावर मी दिव्याकडे बघितलं नाही, त्यांच्या बुटाकडे बघितलं. तो खाली गेला त्याच क्षणी मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हळू झाली. घरापर्यंत मी तशीच चालवली.